कोरडे न्हाणे

अलंकार शिकवताना वदतोव्याघाताचे उदाहरण म्हणून मी अनेक वर्षे 'ड्राय शाम्पू' हा शब्द फळ्यावर लिहीत असे. न्हाणे, आणि तेही कोरडे! वर्गात हशा पिकायचा, आणि त्या हशात बाजारावर एक छोटासा विजय मिळवल्याचे समाधान मलाही व्हायचे. पुढे आईच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि काही आठवडे तिला डोक्यावरून न्हाऊ घालणे अशक्य झाले. तेव्हा वहिनीने आणून दिलेला ड्राय शाम्पूचा डबा मला नाइलाजाने हाती घ्यावा लागला. त्या आठवड्यांत माझे दोन समज मोडले. या शब्दात विरोध आहे, हा एक. आणि ही वस्तू म्हणजे आळशांची चैन आहे, हा दुसरा.

मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे, की ड्राय शाम्पूचा पुरेपूर उपयोग डब्याच्या किमतीवर किंवा सुगंधावर अवलंबून नसतो. तो धूत नाही, हे मान्य करावे लागते. आणि त्याला हाताची जोड द्यावी लागते. जाहिरात या दोन्ही गोष्टी लपवते.

आधी शब्दाकडे पाहू. 'शाम्पू' हा शब्द इंग्रजीने अठराव्या शतकात आपल्याकडून उचलला. हिंदीतील 'चाँपना' म्हणजे दाबणे, मळणे. त्याचे आज्ञार्थी रूप 'चाँपो'. अर्थाने आपले 'चेपणे' त्याला अगदी जवळचे. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही या शब्दाचा अर्थ अंग रगडून थकवा घालवणे असाच दिला आहे. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद याने इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्नानगृह काढून बाष्पस्नान आणि मर्दन यांचा उपचार लोकप्रिय केला, आणि तो राजा चौथा जॉर्ज याचा 'शाम्पूइंग सर्जन' झाला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो दुसऱ्या कारणासाठीही ठाऊक असायला हवा. १७९४ साली प्रकाशित झालेले त्याचे प्रवासवर्णन हे भारतीयाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले पहिले पुस्तक मानले जाते. केस धुण्याचा अर्थ या शब्दाला चिकटला तो पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थात पाणी अपरिहार्य नव्हते. हात अपरिहार्य होता. वदतोव्याघात शब्दात नव्हताच, माझ्या अपुऱ्या माहितीत होता.

वस्तूचा इतिहासही शब्दाइतकाच बोलका आहे. अठराव्या शतकातील युरोपात प्रतिष्ठित स्त्री-पुरुष केसांवर आणि टोपांवर पिष्टाची भुकटी उडवत. १७९५ साली धान्यटंचाईच्या आणि युद्धखर्चाच्या काळात ब्रिटनचे पंतप्रधान विल्यम पिट यांनी ही भुकटी वापरणाऱ्यांवर वर्षाला एक गिनी असा कर बसवला. पोटात जाऊ शकणारे पीठ डोक्यावर उधळण्याची ती फॅशन पुढे ओसरली. कर मात्र १८६९ पर्यंत कायद्यात राहिला. आजच्या डब्यातही मुख्यतः तेच असते: तांदळाचे, मक्याचे किंवा टॅपिओकाचे पिष्ट. फरक हेतूचा आहे. तेव्हा भुकटी दिसावी म्हणून लावत. आज ती दिसू नये अशी अपेक्षा असते.

हे पिष्ट करते काय? केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींतून सतत तेल झरत असते. पिष्टाचे कण ते शोषून घेतात, त्यामुळे चिकटून बसलेले केस मोकळे होतात आणि मुळाशी थोडे उचलले जातात. एवढेच. साबणाचे किंवा शाम्पूचे रेणू एका टोकाने तेलाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरतात, आणि पाणी सगळेच वाहून नेते. कोरड्या प्रकारात वाहून नेणारे कोणी नाही. घामाचे क्षार, धूळ, त्वचेचे सुटलेले कण आणि आता त्यांच्या जोडीला आपण घातलेली भुकटी, हे सारे डोक्यावरच असते. त्यातले थोडेफार विंचरताना पडते, बाकीचे न्हाण्याची वाट पाहत बसते. ड्राय शाम्पू केस स्वच्छ करत नाही, न्हाणे पुढे ढकलतो. ही मुदतवाढ आहे, कर्जमाफी नव्हे.

हे एकदा मान्य केले की वापराचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात. तेल शोषायला वेळ लागतो, म्हणून घाईत बाहेर पडताना फवारण्यापेक्षा रात्री निजण्यापूर्वी लावणे अधिक चांगले. केस पुरते तेलकट होण्याची वाट न पाहता ते तसे होऊ लागतानाच लावावे. तेल मुळाशी असते, म्हणून भांग पाडत पाडत मुळांवरच लावावे; लांब केसांच्या टोकांवर उडवलेली भुकटी त्यांना केवळ राठ करते. डबा हलवून घ्यावा आणि वीतभर अंतरावर धरावा. जवळ धरला तर एकाच जागी पांढरा थापा बसतो. केस ओले असू नयेत, नाहीतर पिष्टाचा लगदा होतो. लावल्यावर काही मिनिटे थांबावे, मग बोटांच्या टोकांनी मुळाशी चोळावे आणि शेवटी चांगले विंचरून काढावे. आपल्या काळ्याभोर केसांवर पांढरी झाक राहते ही सर्वांची तक्रार. तिच्यावर उपाय जास्त भुकटीचा नसून कमी भुकटी आणि अधिक धीर हा आहे.

आईला फवाऱ्याने ठसका लागायचा. मग डबा बाजूला ठेवून मी चिमूटभर आरारूट मऊ ब्रशने तिच्या भांगेत पसरू लागले. काम तेच झाले. काळ्या केसांसाठी त्यात थोडी कोको भुकटी मिसळता येते. आईच्या पांढऱ्या केसांना तिची गरज नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अगं, पीठ राहू दे आज. तू नुसती बोटं फिरव." त्या क्षणी मला दीन महंमदाचा उपचार कळला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला केसांच्या तेलकटपणापेक्षाही जाचत असते ती आपल्याला कोणी स्पर्श करत नाही, ही जाणीव. औषध देणारे, सुई टोचणारे, कूस बदलणारे हात असतात. डोक्यावरून फिरणारा हात नसतो. भुकटी हे त्या हाताला मिळालेले निमित्त होते.

या वस्तूची भलामण करताना तिच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. डोक्यावर मुद्दाम थापलेले खोबरेल शोषणे तिच्या आवाक्यातले नाही. चंपी केलेल्या केसांवर ती टाकली तर पिठले होते. कोंडा, खाज किंवा पुरळ असेल तर ती दूरच ठेवावी. दोन न्हाण्यांच्या मध्ये एकदा, फार तर दोनदा वापरावी. त्यापुढे पाण्याला पर्याय नाही. फवाऱ्याच्या डब्यातील ब्यूटेन, प्रोपेनसारखे वायू ज्वालाग्राही असतात, तेव्हा देवघरातील समईजवळ किंवा स्वयंपाकघरात तो वापरू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये बेंझिन या कर्करोगकारक रसायनाचे प्रमाण जास्त असण्याच्या शक्यतेमुळे युनिलिव्हरने अमेरिकेत विकलेले काही ब्रँडचे फवाऱ्याचे ड्राय शाम्पू परत मागवले होते. संशय पिष्टावर नव्हता, फवारणाऱ्या वायूवर होता. साधी भुकटी पुरत असेल तर फवाऱ्याचा सोस कशाला, असा प्रश्न त्यामुळे रास्तच ठरतो.

आणखी एक दावा तपासायला हवा, तो पाणी वाचवण्याचा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. ज्या घरात हंडाभर पाण्याचा हिशेब असतो, तिथे बाईचे न्हाणे सर्वांत शेवटी येते, हे आपल्याला सांगावे लागू नये. परंतु त्या बाईला काही शे रुपयांचा डबा सुचवणे हा पाणीप्रश्न सोडवण्याचा मार्ग नव्हे. ती क्रूर थट्टा आहे. ज्याच्या नळाला पाणी आहे त्याने आठवड्यात एक न्हाणे टाळले तर ती त्याची सोय, त्याग नव्हे. ड्राय शाम्पू खऱ्या अर्थाने कोणाच्या उपयोगाचा आहे? शस्त्रक्रिया झालेल्यांच्या, हात वर न उचलणाऱ्या वृद्धांच्या, रात्रपाळी करून थेट दुसऱ्या कामाला जाणाऱ्यांच्या. जाहिरातीत मात्र यांपैकी कोणी दिसत नाही. तिथे उशिरा उठलेली एक तरुणी असते, आणि तिच्या डोक्याला तिच्याशिवाय कोणाचाही हात लागत नाही.

इथे मला जनाबाई आठवते. तिच्या अभंगात तुळशीच्या बनात जनी वेणी उकलते, आणि विठ्ठल हातात लोणी घेऊन तिचे डोके चोळतो. जनीला दुसरे कोणी नाही, म्हणून देव तिच्या डोक्यावर पाणी घालतो. आपण वर्गात हा अभंग सख्यभक्तीचे उदाहरण म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. त्यातली साधी लौकिक जाणीव आपल्या नजरेतून निसटते. दासीच्या डोक्याला कोणाचा हात लागणे हीच एवढी दुर्मिळ गोष्ट होती, की त्यासाठी देवाला यावे लागले. मोठा चमत्कार पाण्याचा नाही, चोळणाऱ्या हाताचा आहे.

आई पुढे कुबडी धरून न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली. पहिल्या न्हाण्याला दोन बादल्या ऊन पाणी आणि भिजवलेली शिकेकाई लागली. त्या समाधानाची बरोबरी कुठलीही भुकटी करू शकत नाही. तो डबा अजून कपाटात अर्धा आहे. फळ्यावर 'ड्राय शाम्पू' मी आता लिहीत नाही. वदतोव्याघाताला दुसरी उदाहरणे पुष्कळ सापडतात. हा शब्द मात्र अर्थविस्ताराच्या आणि अर्थसंकोचाच्या तासाला राखून ठेवला आहे. 'चेपणे' या अर्थाचा शब्द इंग्लंडला गेला, 'धुणे' होऊन परत आला, आणि वाटेत त्याचा हात हरवला. तो हात परत जोडणे मात्र आपल्याच हाती आहे.