फोनवरच्या डॉक्टरीणबाई

प्रशिक्षणासाठी शहरात बोलावणे आले, की घरच्या बाईपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो चुलीचा. जबलपूर जिल्ह्यातील कुंडमसारख्या आदिवासी भागात ‘आशा’ म्हणून गावाचे आरोग्य सांभाळणाऱ्या स्त्रीचेही तसेच. घरदार सोडून दिवसभर वर्गात बसायचे आणि तिथे ऐकलेले महिन्याभरात निम्मे विसरायचे!

२०१६ साली मध्य प्रदेशसह काही राज्यांत सुरू झालेल्या ‘मोबाइल अकादमी’ने ही अडचण ओळखली. साधा बटणांचा फोन पुरे. क्रमांक लावला, की ‘डॉ. अनिता’ नावाच्या काल्पनिक डॉक्टरीणबाई हिंदीतून बोलू लागतात. गरोदरपण, बाळंतपण, स्तनपान, लसीकरण, कुटुंबनियोजन असे सारे ११ प्रकरणांत, एकूण ४ तासांत. प्रत्येक प्रकरणानंतर प्रश्न; उत्तर बटण दाबून द्यायचे. पोळ्या आटोपल्या, मुले झोपली, की निवांत ऐकावे. वर्गात तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो. फोनला दहादा विचारले तरी तो कपाळाला आठ्या घालत नाही.

पण कानाने ऐकणे वेगळे आणि हाताने करणे वेगळे. नवजात बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल तर धोका, हे फोन सांगेल. दुपट्यातल्या बाळाच्या छाती-पोटावर नजर ठेवून, घड्याळ बघत पूर्ण मिनिटभर मोजायचे कसे, हे मात्र कुणीतरी शेजारी बसूनच दाखवावे लागते. (रडणारे बाळ शांत झाल्याखेरीज मोजायचेच नसते, हेही तिथेच अंगवळणी पडते.) मोजणीत चूक झाली, तर न्यूमोनिया झालेले बाळ दवाखान्यात जायचे ते घरीच राहते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५पासून ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. पण त्या स्त्रियांना नुसते शिकवून सोडून दिले नव्हते. डॉक्टर गावात येऊन नोंदी तपासत, चुका तिथल्या तिथे दुरुस्त करीत.

फोनमुळे वर्गाचे जे तास वाचतात, ते बाळंतिणीच्या खोलीत खर्च व्हायला हवेत. देखरेखीला येणाऱ्या बाईंनी फोनवरचे गुण पाहून माघारी फिरू नये. घड्याळ आशाच्या हाती द्यावे, बाळ पुढ्यात ठेवावे आणि म्हणावे, ‘‘हं, मोजा पाहू.’’