किती किलो उतरतील, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, त्याचे ढोबळमानाने दोन गठ्ठे करता येतात. पहिल्या गठ्ठ्यात शेजारी शेजारी दोन फोटो असतात, 'आधी' आणि 'नंतर'. नंतरच्या फोटोत बाई जुन्या पंजाबी ड्रेसची सैल झालेली कंबर हाताने ओढून दाखवत असते. दुसऱ्या गठ्ठ्यात उपदेश असतो: जिभेवर ताबा ठेवा, पहाटे उठा, आपल्या आज्या कुठे गेल्या होत्या पोट कापून घ्यायला? पहिला गठ्ठा इस्पितळांचा, दुसरा समाजाचा. या दोघांचं एका बाबतीत मात्र एकमत असतं. शस्त्रक्रिया ही एकच एक वस्तू आहे आणि ती करायची की नाही एवढंच ठरवायचं, असं दोघंही धरून चालतात.

प्रत्यक्षात 'करायची' असं ठरलं की खरा प्रश्न सुरू होतो. कोणती करायची? आणि तो प्रश्न आपल्याकडे रुग्णाला विचारलाच जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

माझी परिस्थिती सांगणं इथे भाग आहे, कारण वाद तिच्यावरच उभा आहे. वय ४७, बीएमआय ४३, नऊ वर्षांचा मधुमेह. रात्री आडवं झालं की छातीत जळजळ, म्हणून डोक्याखाली तीन उशा. गुडघे गेलेले, त्यामुळे आठवड्यातून चार-पाच दिवस वेदनाशामक गोळी. हिमोग्लोबिन कधी दहाच्या वर गेलेलं आठवत नाही. हे सगळं एका कागदावर लिहून मी तीन सर्जनांना भेटले. पहिल्यांनी स्लीव्ह सांगितली, दुसऱ्यांनी मिनी बायपास, तिसऱ्यांनी बायपास. तीन वेगळी उत्तरं आली याचं मला वाईट वाटलं नाही. वैद्यकशास्त्रात मतभेद असतात. मला खटकलं ते हे, की पहिल्या दोन ठिकाणी कागद वाचलाच गेला नाही. तिथे 'किती किलो उतरतील' आणि 'पॅकेजमध्ये काय काय येतं' एवढंच बोलणं झालं.

या शस्त्रक्रिया नेमक्या काय करतात ते आधी साध्या शब्दांत पाहू. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग कापून कायमचा बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. आतड्यांना हात लावत नाहीत, कुठे जोड नसतो. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि तोच भाग जातो, त्यामुळे भूकही कमी होते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं कापून तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. लहान आतड्याचा सुरुवातीचा भागही अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि दोनऐवजी एकच जोड. (मराठी घरात 'बायपास' म्हटलं की हृदयच आठवतं. माझ्या मावशीने तर फोनवर रडायलाच सुरुवात केली होती.)

आता किलोंकडे येऊ. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून एकाला स्लीव्ह आणि दुसऱ्याला बायपास केली गेली, आणि दहा वर्षांनी काय झालं ते २०२२ साली प्रसिद्ध झालं. जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं ४३.५ टक्के उतरलेलं होतं, बायपासवाल्यांचं ५०.७ टक्के. बायपास पुढे आहे, हे खरं. पण कुणाचं ४० किलो वजन जादा असेल, तर या हिशेबाने दहा वर्षांनंतरचा फरक तीन किलोंच्याही आतला. दिवाळीच्या पंधरवड्यात आमच्याकडे याहून जास्त चढ-उतार होतात.

त्याच अभ्यासात दुसरा एक आकडा आहे, जो मला पहिल्या ओपीडीत कुणी सांगितला नाही. दहा वर्षांनी दुर्बिणीतून तपासलं तेव्हा आम्लाने अन्ननलिकेला आलेली सूज स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्के लोकांत दिसली, बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांत. स्वित्झर्लंडमधल्या २०१८ च्या पाच वर्षांच्या अभ्यासातही तोच कल दिसला होता. ज्यांना आधीपासून जळजळीचा त्रास होता, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश जणांचा त्रास स्लीव्हनंतर वाढला. बायपासनंतर तो वाढलेले अगदी थोडे. वजनात तीन किलोंचा फरक आणि अन्ननलिकेत चौपटीहून अधिक. तीन उशा घेऊन झोपणाऱ्या बाईला यांतला कोणता आकडा आधी सांगायला हवा?

याचा अर्थ बायपास चांगली आणि स्लीव्ह वाईट, असा कुणी घेऊ नये. तसं म्हटलं तर मीही फोटोवाल्यांसारखीच एक वस्तू विकायला बसले असं होईल. बायपासचा हिशेब वेगळ्या वहीत लिहिलेला असतो. लोह आणि कॅल्शियम शोषून घेण्यात मोठा वाटा असलेला आतड्याचा भागच अन्नाच्या वाटेतून गेलेला असतो, त्यामुळे लोह, कॅल्शियम, बी-१२ यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं आणि रक्ततपासण्या जन्मभर. (स्लीव्हनंतरही पूरक गोळ्या सुटत नाहीत, पण बायपासनंतर उणीव जास्त आणि चूक महागात.) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. शाकाहारी घरांत बी-१२ ची बोंब आधीपासूनच असते. अशा देशात बायपास सुचवताना हिमोग्लोबिनचा विषय निघू नये, हे मला चमत्कारिक वाटतं.

शिवाय आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक जातीच्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर टाळाव्या लागतात, कारण नव्या जोडापाशी व्रण होण्याचा धोका असतो. सिगारेटनेही तो वाढतो. गोड खाल्लं तर काहींना घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा 'डम्पिंग'चा झटका येतो. म्हणजे श्रीखंडाच्या वाटीशी नातं नव्याने जुळवावं लागतं. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि खडा पित्तनलिकेत अडकलाच तर तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढण्याची नेहमीची वाट बायपासने अवघड करून ठेवलेली असते. मिनी बायपास सोपी आणि लवकर होणारी, हे बरोबर. पण फ्रान्समधल्या २०१९ च्या अभ्यासात वजन नेहमीच्या बायपासइतकंच उतरूनही पोषणाशी संबंधित गंभीर गुंतागुंती मिनीच्या गटात आढळल्या आणि दुसऱ्या गटात एकही नाही. तिथे २०० सेंटिमीटर आतडं वगळलं होतं. 'माझं किती वगळणार?' हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

आता माझा कागद पुन्हा पाहा. जळजळ म्हणते बायपास. गुडघे म्हणतात बायपास नको, गोळी सोडावी लागेल. हिमोग्लोबिन म्हणतं बायपास नको. मधुमेह म्हणतो बायपास, पण हळू आवाजात. हळू अशासाठी, की क्लीव्हलंडमधल्या पाच वर्षांच्या अभ्यासात एचबीए१सी सहा किंवा त्याखाली आणण्याचं लक्ष्य बायपासवाल्यांपैकी २९ टक्क्यांनी गाठलं, स्लीव्हवाल्यांपैकी २३ टक्क्यांनी आणि फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्क्यांनी. शस्त्रक्रिया औषधांच्या पुष्कळ पुढे आहे, पण 'मधुमेहापासून कायमची मुक्ती' असं फलकावर लिहिण्याइतकी नाही.

तिसऱ्या सर्जनांनी दुर्बिणीची तपासणी करायला लावली. अन्ननलिकेला सूज होतीच, शिवाय हायाटस हर्निया निघाला. त्यांनी मला सांगितलं, 'बायपास केलीत तर गुडघ्याची गोळी बंद, लोह शिरेतून घ्यावं लागेल, आणि हे दर वर्षी तपासावं लागेल. चालेल का, ते घरी जाऊन ठरवा.' मी दोन आठवडे घेतले आणि बायपास निवडली. माझ्यासारखंच वजन आणि मधुमेह असलेली, पण छातीत कधीही न जळणारी, रोज गोळीवर चालणारी बाई स्लीव्ह निवडेल आणि तिचंही बरोबरच असेल. दोघींचं वजनकाट्यावरचं आकडं सारखं असू शकतं. निर्णय त्या आकड्यावर होतच नाही.

यावर दोन उत्तरं मला ऐकवली गेली आहेत. पहिलं असं, की सर्जनचा हात ज्या शस्त्रक्रियेवर बसलेला आहे तीच त्याच्याकडून करून घ्यावी. यात तथ्य आहे. वर्षाला चार बायपास करणाऱ्याकडून मी ती करून घेणार नाही. पण मग त्याने तसं सांगावं: 'मी स्लीव्ह चांगली करतो, तुम्हाला बायपास योग्य वाटते, अमुक ठिकाणी जा.' आपला हात बसलाय म्हणून समोरच्या पोटाला तीच शस्त्रक्रिया योग्य ठरवणं, हे शिंप्याने एकाच मापाचे ब्लाऊज शिवून गिऱ्हाइकांना दंड बारीक करायला सांगण्यासारखं आहे.

दुसरं उत्तर जास्त ऐकू येतं: 'पेशंटला हे सगळं कळत नाही, उगाच घाबरतात.' ज्या बाईला महिन्याच्या वाणसामानाचा, भिशीचा आणि तीन माणसांच्या औषधांचा हिशेब तोंडपाठ असतो, तिला 'यात जळजळ वाढू शकते, त्यात गोळी बंद होईल' एवढं कळत नाही? आणि कायदा तर हे उत्तर मान्यच करत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं, की उपचाराचं स्वरूप, त्याला असलेले पर्याय, धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे सांगितल्यावर दिलेली संमतीच खरी. पर्याय सांगितल्याशिवाय पुढे सरकवलेल्या कागदावर घेतलेली सही या कसोटीला उतरत नाही.

घाई न करण्याचं आणखी एक कारण इतिहासात आहे. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढतं, हे स्वीडनमधल्या ज्या मोठ्या अभ्यासाने २००७ साली दाखवलं, त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक शस्त्रक्रिया आज जवळजवळ कुणी करत नाही अशा प्रकारच्या होत्या. त्यानंतर जठराभोवती पट्टा बसवण्याची लाट आली. 'काहीही न कापता, हवा तेव्हा काढता येणारा' अशी त्याची ख्याती होती. आज तो मागे पडला आहे. स्लीव्हसुद्धा मुळात फार वजनदार रुग्णांसाठी मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून सुरू झाली, आणि पुरेसं वजन उतरतंय असं दिसल्यावर स्वतंत्र झाली. शस्त्रक्रियेची उपयुक्तता मला पूर्ण मान्य आहे, म्हणून तर मी ती करून घेतली. पण प्रत्येक दशकाची एक आवडती शस्त्रक्रिया असते, आणि दशक सरल्यावर ती आवड बदलते. कापलेलं जठर मात्र परत येत नाही. आता आठवड्याला घ्यायची इंजेक्शनंही भारतात मिळू लागली आहेत; तीही या पर्यायांच्या यादीत असायला हवीत, फायद्या-तोट्यांसकट.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक बॅरिॲट्रिक ओपीडीत मराठीत छापलेला एक कागद असावा. त्यावर स्लीव्ह, बायपास, मिनी बायपास आणि औषधं असे चार रकाने. खाली ओळीने प्रश्न: जळजळ आहे का, दुर्बीण घालून पाहिलं का? मधुमेह किती वर्षांचा, इन्सुलिन चालू आहे का? वेदनाशामक गोळ्या किती? हिमोग्लोबिन, बी-१२ किती? सिगारेट? मूल हवं आहे का, कारण मग शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष थांबावं लागेल? जन्मभर गोळ्या आणि तपासण्या परवडतील का, आणि त्या कोण आठवणीने करेल? 'किती किलो' हा प्रश्नही असू द्या, शेवटच्या ओळीत.

तोपर्यंत हा कागद आपणच घरून लिहून न्यावा. तो न वाचता तारीख देणाऱ्या ओपीडीतून 'विचार करून सांगते' म्हणून उठावं. हे अपेंडिक्स नव्हे. पंधरा दिवस उशीर झाल्याने सहसा काही बिघडत नाही. ज्याला पंधरा दिवस दम धरवत नाही, त्याला आपल्या पोटाची घाई आहे की त्याच्या शस्त्रक्रियागृहाची, हे त्या पंधरा दिवसांत कळतं.