शाळेच्या पैशाला वेस कुणी घातली?

अमेरिकेचं नाव काढलं की आपल्यातली शिकलीसवरलेली पोरंसुद्धा डोळे विस्फारतात. तिथं सरकारी शाळा फुकट, पुस्तकं फुकट, पोरांना न्यायला पिवळी बस. खरंय ते. पण त्या शाळेत पैसा येतो कुठनं? आणि कुणाच्या शाळेत किती? हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आज तेच विचारू.

तिथं शाळा चालवतो तो ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’. आपला जिल्हा डोळ्यापुढं आणू नका. काही मोठ्या शहरांत असे अनेक असतात. प्रत्येकाची हद्द वेगळी, बोर्ड वेगळं, कर वेगळा. हद्दीतल्या घरांवर, दुकानांवर, जमिनींवर घरपट्टीसारखा कर बसवायचा आणि त्यातनं शाळा चालवायची. बंगलेवाल्यांच्या हद्दीत हलका कर लावला तरी पोतं भरतं. कष्टकऱ्यांच्या हद्दीत कातडी सोलली तरी तळ झाकत नाही.

मग राज्य सरकार काय करतं? फॉर्म्युला लावतं. बहुतेक राज्यांत त्याचा सांगाडा असा : दर पोरामागं अमुक डॉलर, हा पायाभूत खर्च. पोरं गरीब, अपंग किंवा इंग्रजी न येणारी असली तर थोडा वाढीव. त्यातनं डिस्ट्रिक्टनं ठरावीक दरानं कर लावल्यास किती जमेल ते वजा. उरलेलं राज्य देणार. कागदावर हे गरिबाच्या बाजूचंच दिसतं. गोम पुढंच आहे. पायाभूत रक्कम किती, हे विधिमंडळ ठरवतं. ती तोकडी ठेवली की सगळ्यांनाच तोकडी. पण श्रीमंत हद्दीला घरच्या करातनं वरचा पैसा उभा करायला रान मोकळं. गरिबानं उभा करायचा कशातनं?

आता आकडेच बघा. टेक्सासमधलं सॅन अँटोनियो शहर, साल १९६७-६८. एका बाजूला एजवूड डिस्ट्रिक्ट. शंभरातली नव्वद पोरं मेक्सिकन वंशाची, सहा काळी. दुसऱ्या बाजूला अलामो हाइट्स, मुख्यत्वे गोऱ्यांची वस्ती. एजवूडचा कर शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर. अलामो हाइट्सचा ०.८५. म्हणजे जास्त कर गरीब भरतोय! आणि पोरामागं जमलं किती? एजवूडला २६ डॉलर. अलामो हाइट्सला ३३३.

आता राज्यानं ही दरी बुजवली असेल, असं तुम्हांला वाटेल. राज्यानं एजवूडला दिले २२२, अलामो हाइट्सला २२५. ज्याच्या घरी भरलेली कणगी, त्यालाच तीन डॉलर जादा! केंद्राची मदत धरून एजवूडच्या पोरामागं ३५६ डॉलर, अलामो हाइट्सच्या पोरामागं ५९४. वर ‘तुमची पोरं अभ्यासात मागं’ म्हणायला हे मोकळे.

१९६८ साली एजवूडच्या हायस्कूलची पोरं वर्ग सोडून बाहेर पडली. त्याच वर्षी पालक कोर्टात गेले. पुढं उभा होता डिमिट्रियो रॉड्रिगेझ, पत्र्याचं काम करणारा कामगार. १९७३ साली सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला : शिक्षण हा संघराज्याच्या घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही, सबब टेक्सासची पद्धत चालेल. न्यायमूर्ती थर्गुड मार्शलनं विरोधी मत लिहिलं. हाच मार्शल वकील असताना १९५४ चा ब्राउन खटला जिंकून वेगळ्या शाळांचा कायदा मोडून आला होता. कायद्यानं वेगळी शाळा गेली. हद्दीची वेगळी शाळा राहिली.

आणि हद्द काय आभाळातनं पडली? १९३० नंतरच्या दशकात सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे काढून काळ्यांच्या, मेक्सिकनांच्या वस्त्या लाल रंगानं रंगवल्या. तिथं घराला कर्ज देणं धोक्याचं ठरवलं. चांगल्या वस्तीतल्या घरांच्या खरेदीखतात ‘गोऱ्याखेरीज कुणाला विकू नये’ अशी कलमं घातली. घराची किंमत अशी पाडली, आणि मग त्याच किमतीवर शाळेचा पैसा मोजला. ह्याला फॉर्म्युला म्हणायचं? आपण गावकुसाबाहेर राहिलोय. आपल्याला ही चीज ओळखू येते.

एजवूडवाले थांबले नाहीत. राज्याच्या कोर्टात गेले. १९८९ साली टेक्सासच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. तेव्हा सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टच्या पोरामागच्या मालमत्तेत सातशेपट फरक होता. १९९३ च्या कायद्यानं श्रीमंत डिस्ट्रिक्टचा जादा पैसा काढून घ्यायला सुरुवात झाली. लगेच बोंब सुरू झाली : लूट! लूट! आपल्याकडं राखीव जागांचं नाव काढल्यावर जी बोंब उठते, तीच ही.

पण व्यवस्थेला फटी पुष्कळ. टेक्सासमध्ये आजही राज्याचा पैसा मोजतात तो मुख्यत्वे पटावरच्या पोरांवर नव्हे, सरासरी हजेरीवर. शिक्षक तेवढेच, दिवाबत्ती तेवढीच. पण पोर तापानं फणफणून घरी राहिलं की शाळेचा पैसा कापला. आजारपण, भाड्याची घरं बदलणं कुणाच्या वाट्याला जास्त येतं, हे तुम्हांला सांगायला नको.

दोस्तहो, सरकारी पैसा कुणी गोळा करायचा आणि कुणाला किती द्यायचा, या प्रश्नावर बाबासाहेबांनी अख्खा ग्रंथ लिहिला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा, १९२५ साली छापलेला. त्याला प्रस्तावना कोलंबियाच्या प्राध्यापक सेलिग्मनची, आणि हा सेलिग्मन अमेरिकेतल्या सरसकट मालमत्ता कराचा कडवा टीकाकार. आपण बाबासाहेबांची जयंती करतो, आणि बजेटचं पुस्तक दिसलं की जांभई देतो. हे चालायचं नाही.

घोषणा द्या. पण घोषणेआधी तीन प्रश्न पाठ करा. पैसा कुणाच्या मालमत्तेवर मोजला? हद्द कुणी आखली? आणि पोरं मोजली ती पटावर की हजेरीवर? अनुदानाचा कुठलाही कागद पुढं आला की हे तीन प्रश्न टाका. जो साहेब उत्तर टाळील, त्याच्या टेबलापुढनं हलू नका.