मोराच्या पायाखालचें रान

बीड जिल्ह्यांतील पाटोदा तालुक्यांत, बालाघाटाच्या डोंगररांगेंत, १९९४ सालीं नायगांवचें मयूर अभयारण्य जाहीर झालें. तेव्हांपासून त्या रानाचें नांव निघालें कीं मोर आठवतो. परंतु रानाचा अर्थ मोरापाशीं संपत नाहीं. ज्या इवल्या वनस्पतींनीं पावसाळ्यांत तेथील काळा खडक हिरवा होतो, त्यांची नांवनिशीवार यादी करणें हेंही अभयारण्याचें कर्तव्य आहे, असें आमचें म्हणणें आहे.

या वनस्पतींस आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतों आणि पाय घसरूं नये म्हणून खरवडून टाकतों. शास्त्रदृष्ट्या शेवाळ निराळें, मॉस निराळें आणि जमिनीस चिकटून पसरणाऱ्या यकृतका निराळ्या. मॉस व यकृतका यांना ना फूल, ना बी, ना खरें मूळ; पाणी त्या बहुतांशीं सर्वांगानें शोषून घेतात. म्हणूनच जागेची ओल हटली, तर तें यांना आधीं कळतें.

यावर कोणी म्हणेल, ‘मॉस पाहावयाचें तर खंडाळ्यास वा महाबळेश्वरीं जावें, बीडच्या दुष्काळी माळावर काय सांपडणार?’ त्या दोन्ही स्थळांच्या मॉसांवर ग्रंथ झाला, तो योग्यच झाला. पण जेथें पाणी मुबलक, तेथें तहानेची परीक्षा ती कसली? मॉसच्या कित्येक जाती महिनोन् महिने वाळून मेल्यासारख्या पडून राहतात आणि सर येतांच पुन्हा हिरव्या होतात. रिक्सिया ही यकृतका ओल्या मातीवर हिरव्या चकतीसारखी पसरते व ओल सरल्यावर आपले बीजाणू मातींत ठेवून दिसेनाशी होते. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ सोसलेल्या जिल्ह्यानें ही विद्या पाहूं नये, तर कोणीं पाहावी? लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप यांनीं १९२९ व १९३२ सालीं यकृतकांवर दोन भाग प्रसिद्ध केले; त्यांत पश्चिम हिमालयाबरोबर पंजाबचें मैदानही त्यांनीं वगळलें नाहीं.

दुसरा आक्षेप द्रव्याचा. परंतु या कामास वनखात्याची परवानगी, एक भिंग, एक चाकू आणि कागदी पाकिटें एवढें पुरे. नखाएवढा तुकडा घ्यावा, बाकीचा तेथेंच राहूं द्यावा. तो सावलींत वाळवावा. पाकिटावर स्थळ, तिथी आणि तो खडकावर, मातींत कीं सालीवर मिळाला, तें लिहावें. वर्षांनंतरही पाण्याचा थेंब टाकला कीं पान उलगडतें आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ओळख पटते.

मात्र काळ साधला पाहिजे. वैशाखी पौर्णिमेस पाणवठ्यांवर प्राणी मोजतात. त्या वेळीं मॉस शोधणारास बहुधा काळी भुकटीच हातीं लागेल. ही मोजणी श्रावण-भाद्रपदांतच व्हावयास हवी. जोडीला सौताड्याच्या धबधब्याचे ओले कडेही पाहावे. जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र-शाखांनीं येत्या पावसाळ्यांतच हें काम अंगावर घ्यावें. कारण जें कधीं लिहूनच ठेवलें नाहीं, तें नाहींसें झालें तरी तसें म्हणावयास आपणांपाशीं पुरावा उरणार नाहीं.