दुकानाला सुट्टी नसते, मग घरचं जेवण कधी?



दिवाळीचा माल भरायची वेळ जवळ आली की प्रत्येक ट्रेनिंगमध्ये मी एक प्रश्न विचारतो. मागच्या वर्षी वसुबारस ते भाऊबीज या दिवसांत तुम्ही घरच्यांच्या पंगतीला बसून किती वेळा जेवलात? डबा नाही, काउंटरमागे उभं राहून खाल्लेला फराळ नाही. सगळ्यांबरोबर, ताट मांडून.

वर्गात शांतता होते. धनत्रयोदशीचा गल्ला लोकांना तोंडपाठ असतो, जीएसटीची वीस तारीख पाठ असते, कोणत्या होलसेलरने किती दिवसांची उधारी दिली तेही पाठ असतं. जेवणाचा आकडा मात्र बायकोला फोन करून विचारावा लागतो. आणि ती जे उत्तर देते ते स्पीकरवर ऐकवण्यासारखं नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. "आमच्या दुकानाला सुट्टी नसते" हे वाक्य आपण छोटे दुकानदार फार अभिमानाने बोलतो, आणि त्यात अभिमान वाटावा असं काही नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की आपण हिशोब केलेला नाही.

माझं भांड्यांचं दुकान आहे, कराडला. वडिलांनी चालवलं, आता मी चालवतो. आमच्या धंद्याची गंमत बघा. सणाच्या स्वयंपाकाला लागणारं सगळं आम्ही विकतो. पुरणयंत्र, मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या, गौरीच्या जेवणाची ताटं-वाट्या, गुढीवर घालायचा तांब्या. गावातली निम्मी पुरणपोळी आमच्या यंत्रातून निघते म्हणा ना. आणि आमच्या धंद्यातला माणूस स्वतः पुरणपोळी गार खातो, दुपारी चार वाजता, एक डोळा मोबाईलवर ठेवून.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, गार तर गार. मालकाने थोडा त्याग करायलाच हवा.

थांबा. हा त्याग तुम्ही एकटे करत नाही. बहुतेक घरांत दुकानातला माणूस जेवल्याशिवाय घरातली बाई जेवत नाही. चुकीचं असेल, जुनं असेल, पण आहे. तुम्ही चारला घरी आलात की ती साडेचारला जेवते. सकाळी पाचला उठून तिने पुरण शिजवलेलं असतं, कटाची आमटी केलेली असते, नैवेद्य दाखवलेला असतो. मुलांना भूक लागते म्हणून त्यांना आधी वाढलं जातं. आई-वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा असतात म्हणून ते वेगळे जेवतात. मग तुम्ही, मग ती. म्हणजे एका सणाच्या जेवणाचे चार तुकडे झाले आणि पोळ्या लाटणारीच्या वाट्याला शेवटचा तुकडा आला. तुमच्या चार तासांच्या विक्रीची किंमत घरातल्या सहा माणसांनी मिळून भरली, आणि ती तुमच्या वहीत कुठेच लिहिलेली नाही.

बीबीएला आम्हाला ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकवली होती. एक गोष्ट निवडली की दुसरी जी हातातून जाते, तिची किंमत. उदाहरण मात्र कायम फॅक्टरीचं असायचं. एक मशीन घेतलं तर दुसरं घेता येत नाही वगैरे. भाऊबीजेच्या दुपारचं उदाहरण कुणी दिलं असतं तर पोरांना जन्मभर लक्षात राहिलं असतं.

चला, तोच हिशोब करू. समजा भाऊबीजेला दुपारी १ ते ५ या वेळात तुमच्याकडे ४,००० रुपयांची विक्री होते. मार्जिन १५ टक्के धरा. झाले ६०० रुपये. यातलं निम्मं गिऱ्हाईक असं असतं की दुकान बंद दिसलं तर संध्याकाळी परत येतं, कारण त्याला वस्तू हवीच असते. म्हणजे खरं नुकसान ३०० रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील. किराणावाल्याचं मार्जिन याहून कमी, कपड्यांचं जास्त. मागच्या वर्षीची बिलं काढा, कॉम्प्युटरच्या बिलावर वेळ छापलेली असते. तासाप्रमाणे बेरीज मारा आणि बघा. आणि मग ते ३०० रुपये खर्चात लिहा, सरळ, "भाऊबीज जेवण" असं नाव घालून. दुकानाच्या रंगकामाला खर्च करतो, दिव्यांच्या माळांना करतो. हाही खर्चच.

बिलं बघितली की एक गोष्ट लक्षात येते. सणाचा धंदा बहुतेक सणाच्या आधी होतो. गुढीचा तांब्या लोक आदल्या संध्याकाळी नेतात, फार तर पाडव्याच्या सकाळी नऊपर्यंत. गुढी उभी राहिल्यावर तांब्या कोण घेणार? त्यानंतर मुहूर्ताची थोडी खरेदी असते, ती संध्याकाळी. दुपारी रस्ता मोकळा असतो, कारण तुमचं गिऱ्हाईक त्याच्या घरी श्रीखंड-पुरी खात असतं. तुम्ही एकटेच शटर उघडं ठेवून त्याची वाट बघत असता.

उलट धनत्रयोदशी. त्या दिवशी आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत उभं राहायला जागा नसते. त्या दिवशी दुकान सोडायचं नाव काढायचं नाही, आणि घरच्यांनीही रागावायचं नाही. डबा मागवा, दोन घास खा, कामाला लागा. सगळे दिवस सारखे नसतात, हेच तर सांगतोय. कोणता दिवस दुकानाचा आणि कोणता घराचा हे आधी ठरवा. ऐन वेळी ठरवायला गेलात तर गल्ला जिंकतो, दरवेळी.

काही जेवणं तर फुकट असतात, तरी आपण ती घालवतो. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान पहाटे होतं. दुकान उघडतं साडेनऊला. मधले तीन तास कुणाच्या बापाचे? आदल्या रात्री उशीर झाला म्हणून झोपून राहिलात तर पोरं एकटीच कारीट फोडतात आणि फराळाचं ताट झाकून ठेवलं जातं. झोप दुपारी काउंटरवर काढा हवं तर. तो फराळ सगळ्यांनी मिळून करायचा. आणि लक्ष्मीपूजन तर दुकानातच असतं. मग घरच्यांना तिथे आणा. नुसते भटजी, मालक आणि नोकर असं पूजन करू नका. आई, बायको, मुलं सगळ्यांना बोलवा. पोरांच्या हाताने वहीवर हळद-कुंकू वाहू द्या, लाह्या-बत्तासे वाटू द्या. आपला बाप दिवसभर कुठे असतो ते त्यांनाही कळू दे.

दिवाळीच्या पाडव्याला बायको ओवाळते. इथे तरी वेळ पाळा राव.

"पण ऑनलाइनवाले बंद नसतात ना!" हा प्रश्न हमखास येतो. नसतात. रात्री दोनलाही नसतात. मग तुम्ही रात्री दोनला उघडं ठेवणार का? तासांच्या शर्यतीत आपण हरणारच, ती शर्यत आपली नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक डब्यावर नाव घालून घ्यायला थांबतं, "आत्याकडून सप्रेम" असं. कुकरची शिटी बिघडली तर तो घेऊन येतं. ते दुपारी बंद असलं तरी संध्याकाळी येतं.

पुण्यातल्या दुपारी १ ते ४ बंद असणाऱ्या दुकानांवर आपण आयुष्यभर विनोद केले. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये ती दुपारची सुट्टी बंद केली तेव्हा त्याचीही बातमी झाली. त्यांचा निर्णय त्यांच्या जागी बरोबर. मोठ्या दुकानाला दोन पाळ्या लावता येतात, एक जण जेवायला गेला तर दुसरा उभा असतो. पण ज्याच्या दुकानात स्वतः मालक आणि एक पोरगा, त्याने त्यांची नक्कल केली तर पाळी कुणाची बदलणार? त्या १ ते ४ मध्ये घरचं गरम जेवण होतं आणि घटकाभर आडवं होणं होतं. मला त्यात विनोद कमी आणि शहाणपण जास्त दिसतं.

कायद्याचंही सांगून टाकतो. त्याच २०१७ साली महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना कायदा आला आणि दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची मुभा मिळाली. मात्र कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी त्यात ठेवलेली आहे. ती कामगाराची. मालकाला सुट्टी कोण देणार? त्याची त्यानेच घ्यायची.

फिरायला जाण्याचा घोळ वेगळाच. दुकान सोमवारी बंद, शाळा रविवारी बंद. म्हणून दुकानदाराच्या घरात ट्रिप होतच नाही. यावर माझा उपाय साधा आहे. मोठ्या ट्रिपच्या नादी लागू नका, महिन्यातून एका रविवारी दुपारनंतर दुकान बंद ठेवा. आम्ही प्रीतिसंगमावर जातो. कृष्णा-कोयनेचा संगम, यशवंतरावांची समाधी, बाग. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायची, वर तिथली भेळ. खर्च शे-दोनशे. सप्टेंबरमध्ये कास पठार बघायचं असेल तर सोमवारी जा, रविवारी फुलांपेक्षा गाड्या जास्त. मुलांची एक दिवस शाळा बुडली तर बुडू दे, असं माझं मत आहे. माझ्या बायकोचं नाही.

काही धंद्यांना हे अजिबात जमत नाही, हे मला मान्य आहे. मिठाईवाला भाऊबीजेला बंद ठेवू शकत नाही, फुलवाला दसऱ्याला ठेवू शकत नाही, मेडिकलवाल्याचा तर प्रश्नच नाही. त्यांनी तारीख बदलावी. भाऊबीजेनंतर दहा दिवसांनी तुळशीची लग्नं सुरू होतात, ती पौर्णिमेपर्यंत चालतात. सीझन संपलेला असतो, उसंत असते. तेव्हा बहिणीला बोलवा, पुरणाचा घाट घाला, ओवाळून घ्या. आमच्याकडे तर जुनी माणसं म्हणतातच, तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते. बहिणीला तारखेपेक्षा तुम्ही तासभर निवांत बसलात याचं जास्त वाटतं.

आणि दुकानातल्या पोराला विसरू नका. त्यालाही बहीण आहे, आणि भाऊबीजेच्या सकाळी एसटीला पाय ठेवायला जागा नसते. त्याला पाडव्याच्या संध्याकाळीच सोडा, पगार आणि मिठाईचा पुडा हातात देऊन. म्हणजे भाऊबीजेला तुम्ही तसेही एकटेच असणार, दुपारी बंद ठेवायला आणखी एक कारण मिळालं.

पाटी मात्र आठ दिवस आधी लावा, शटरवर नको, काउंटरवर, बिल देताना दिसेल अशी. "भाऊबीजेला दुपारी १ ते ५ दुकान बंद राहील. संध्याकाळी ५ नंतर या." कारण लिहायची गरज नाही. कुणी विचारलंच, तर सांगा, जेवायला घरी जाणार आहे.