संकटकाळचा निरोप

घरातील फोन मुका झाला की जीव कासावीस होतो; मग अवघा प्रांतच मुका झाला तर? ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य भागात भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली, आणि मोबाइलची सुमारे २९,००० केंद्रे बंद पडली. लाटांनी वाहून नेलेली त्यांत थोडीच. बहुतेक केंद्रे वीज गेल्यावर राखीव बॅटरी संपताच थांबली. उरलेल्यांवर आप्तांची चौकशी करणाऱ्यांची झुंबड उडाली. तेव्हा कंपन्यांना शंभरांतील ९५ पर्यंत कॉल अडवावे लागले. लिखित निरोपांवर मात्र इतकी कडक बंधने नव्हती.

पुढे तेथील डोकोमो कंपनीने सुमारे १०० मोठी केंद्रे उभारली. एरवी ती स्वस्थ असतात. भोवतालची लहान केंद्रे कोलमडली की प्रत्येक केंद्र सुमारे सात किलोमीटरपर्यंतचा परिसर सांभाळते. २०१८ मध्ये होक्काइदोच्या भूकंपानंतर कुशिरो येथे त्यांतील एकाचा प्रथमच उपयोग झाला.

जाळ्याचा भरवसा संकटातच कळतो. वीज गेल्यावर ते किती तास तग धरते, एक धागा तुटल्यास दुसरा भार उचलतो का, हे आधीच पाहावयास हवे. आपली घरे तर दूरवर पसरलेली. लेक पुण्यास, माहेर कोल्हापुरास आणि आम्ही बडोद्यास. म्हणून आमची वाचकांस विनंती: अशा वेळी लांबलचक बोलत बसू नये, "सुखरूप आहोत" एवढा निरोप लिहून पाठवावा. आणि जिवलगांचे क्रमांक एका वहीत आजच उतरवून ठेवावेत.