अंदाज चुकतो, म्हणून?

'उद्या पाऊस पडेल का हे ज्यांना धड सांगता येत नाही, ते 2100 सालचं तापमान सांगणार!' लग्नाच्या पंगतीत हे वाक्य टाकलं की हशा हमखास मिळतो. परवा तो माझ्या शेजारी बसलेल्या, चांगल्या शिकलेल्या गृहस्थांनी मिळवला. माझ्या तोंडात जिलबी होती म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो.

10 जूनला सांगलीत पाऊस पडेल का, हे मला एप्रिलमध्ये सांगता येणार नाही. पण जुलैत एप्रिलपेक्षा जास्त पाऊस पडेल, यावर मी पैज लावतो. शतकाचा अंदाज या दुसऱ्या जातीचा. पृथ्वीवर उष्णता येते किती आणि अवकाशात परत जाते किती, याचा तो हिशेब. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, हे टिंडलने 1859 साली प्रयोगशाळेत दाखवलं. मौना लोआवर 1958 साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेत तो दहा लाखांत सुमारे 315 भाग होता. आज 420 च्या वर आहे.

मग दुसरा टोला येतो: 'सूर्यच तापला असेल!' तसं असतं तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. मनाबे आणि वेदराल्ड यांनी 1967 सालीच गणित करून सांगितलं होतं, की कार्बन डायऑक्साइड वाढला तर जमिनीलगतची हवा तापेल आणि वरचा स्थितांबर थंड होईल. पुढे उपग्रहांनी मोजलं. स्थितांबर थंड झाला आहे. (ओझोन घटल्याचाही त्यात वाटा आहे, पण सूर्य तापल्याने काही थंड होत नसतं.)

अनिश्चितता नाही असं कोण म्हणतं? कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान अखेर किती वाढेल, याचं आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालातलं उत्तर आहे: बहुधा 2.5 ते 4 अंश. इतका फरक राहतो तो मुख्यतः ढगांमुळे. पण या पट्ट्यात शून्य कुठे आहे? आणि अंदाज चुकलाच तर तो आपल्या सोयीनेच चुकेल, हे गृहस्थांना कुणी सांगितलं?

त्याच अहवालात शतकाअखेरचे आकडे आहेत. उत्सर्जन झपाट्याने घटवलं तर सुमारे 1.4 अंश वाढ, भरमसाट वाढू दिलं तर 4.4. हा फरक ढगांचा नाही, आपण किती कोळसा आणि तेल जाळणार त्याचा आहे. तो आकडा वेधशाळेने कुठून सांगायचा?